डोंगराची जवारी

जरा डोळे मिटा. कान मात्र उघडे ठेवा.

आता अशी कल्पना करा, की तुम्हाला दोन कान नाहीत, चांगले वीस हजार कान आहेत. ते डोक्याला चिकटलेले नाहीत. हिमालयातल्या एका वळणावळणाच्या रस्त्याच्या कडेने, जमिनीखाली, दर दहा मीटरवर एक, असे ते दोनशे किलोमीटर पसरले आहेत. एका कानावरून ट्रक घरघरत गेला. दुसऱ्यापाशी शेळी शिंकली. तिसऱ्याच्या वर कुणीतरी सरपण फोडतंय. आणि चार हजार सातशेव्या कानाला फार खालून, खडकाच्या पोटातून, काहीतरी बारीक ऐकू येतंय. तो ट्रक आहे, शेळी आहे, की डोंगर सुटायला लागलाय?

सांगा पाहू. घाई नाही. आणि सांगता आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. या गोष्टीतल्या हुशार यंत्रालाही ते सांगता येत नव्हतं.

उघडा डोळे. आपण आजपासून पंधरा-वीस वर्षं पुढे आलो आहोत, आणि हिमालयातून थेट मिरजेत उतरलो आहोत. समोर एक लांबट कारखाना आहे. छताला वाळलेले भोपळे टांगलेत, कोपऱ्यात लाकडाचा भुसा साचलाय आणि हवेत लाखेच्या पॉलिशचा वास आहे. इथे तंबोरे बनतात. कारखाना रहिमतचाचांचा. वय वर्षं त्र्याहत्तर. त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काम करून तयार झालेला कारागीर म्हणजे दिगंबर. आणि दिगंबरची अकरा वर्षांची मुलगी शाल्मली. तिला सगळे शालू म्हणतात. आई सुनेत्रा इस्पितळात नर्स, तिची ड्यूटी संध्याकाळी संपायची. त्यामुळे शाळा सुटली की शालू दप्तरासकट कारखान्यात.

तंबोऱ्याला चार तारा असतात. त्यांना खालून आधार देणारी एक छोटी चपटी पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. आपल्याला वाटतं, तार छेडली की एक सूर निघतो. खरं तर तार पूर्ण लांबीने हलते, त्याच वेळी अर्ध्या-अर्ध्या भागांनीही हलते, तिसऱ्या हिश्शाने, चौथ्या हिश्शाने हलते. प्रत्येक हालचालीचा आपला एक उंच, बारीक सूर असतो. हे उपस्वर. एरवी ते दबून असतात. पण घोडीची पाठ किंचित उताराची घासली आणि तार तिला हलताना जेमतेम शिवत राहिली, तर हे सगळे बारीक सूर जागे होतात आणि तंबोरा गुणगुणायला लागतो. त्या गुणगुणण्याला म्हणतात जवारी.

ती लावायची कशी? आधी कानशीने घोडी घासायची. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये साधा सुती दोरा घालायचा आणि केसाकेसाने पुढे सरकवायचा. दोरा अलीकडे असला तर आवाज मुका. पलीकडे गेला तर नुसती खरखर. मध्ये एकच जागा अशी असते, की तिथे तार एकदम बोलते. ती जागा मोजपट्टीला सापडत नाही. कानालाच सापडते.

आणि इथेच शालूचं गुपित होतं.

तीन वर्षांपूर्वी, ती आठ वर्षांची असताना, चाचा आतल्या खोलीत दोरा सरकवत बसले होते. शालू बाजूला पाढे लिहीत होती. लिहिता लिहिता वर न बघताच ती म्हणाली, "चाचा, मागं गेलं की ते."

"काय मागं गेलं?"

"आवाज. आत्ता छान आला होता. तुम्ही पुढं गेलात."

चाचांनी दोरा मागे घेतला. तारेवर बोट फिरवलं. मग मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

म्हातारपणी कानाचं काय होतं, ते सांगतो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते आणि तिच्यात हजारो सूक्ष्म केस असतात. दाराशी असलेले केस उंच सूर टिपतात, आतले केस खालचे सूर. दाराशी असलेल्या पायपुसण्यावर सगळ्यांचे पाय पडतात, तसंच त्या पहिल्या केसांचं होतं. तेच आधी झिजतात. माणसाला बोलणं ऐकू येतं, दाराची घंटा ऐकू येते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पण डासाचं गुणगुणणं जातं, पाखरांची बारीक किलबिल जाते. आणि चाचांची तर जवारी गेली होती.

"बेटी," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तू इथं बसायचं. मी दोरा सरकवीन. जागा आली की थांबा म्हणायचं. दिगूला सांगू, तुला शिकवतोय."

"खोटं सांगायचं?"

"खोटं कसं? शिकतेसच की! फक्त ते दुसरं सांगायचं नाही. अगं, गवयी लोक माझ्या कानाच्या भरवशावर येतात. कानच गेला म्हटल्यावर कोण येईल? वचन दे."

शालूने वचन दिलं. तेव्हापासून आतल्या खोलीत रोज चाचांचा हात आणि शालूचा कान मिळून जवारी लावायचे. बाहेर दिगंबर कौतुकाने म्हणायचा, "या वयात चाचांचा कान बघा! सुईसारखा आहे!" शालू खाली मान घालून बुटाची नाडी बांधायची. नाडी बहुतेक वेळा बांधलेलीच असायची.

एके दिवशी दिगंबरला तनुजा नेगी नावाच्या मुलीचं पत्र आलं. ही मूळची उत्तराखंडातल्या चौखाल गावची. इंजिनिअरिंग शिकायला चार वर्षं सांगलीत होती, तेव्हा दोनदा कारखाना पाहायला आली होती. मराठी पक्कं बोलायची आणि भडंग पोतंभर खायची. आता तिने आपल्या गावी एक स्टार्टअप काढलं होतं. माणसं अकरा, खोल्या तीन. तुम्ही मघाशी डोळे मिटून जे वीस हजार कान लावले होते ना, ते तिचे.

तिची युक्ती साधी होती. डोंगरातल्या रस्त्यांखाली इंटरनेटची केबल असतेच. ती म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्यात प्रकाशाचा एक ठिपका सोडला, की काचेतल्या बारीकसारीक कणांवरून थोडासा प्रकाश मागे परततो. जमीन हलली की काच ताणली जाते आणि परतणारा प्रकाश किंचित बदलतो. कुठून परतला हे वेळेवरून कळतं. म्हणजे नवा एकही खड्डा न खणता अख्खी केबल हाच कान! यंत्र सगळं ऐकायचं, पण कुठल्या कड्याची काळजी करायची हे त्याला उमजत नव्हतं. दिवसातून चाळीस वेळा ते धोक्याची घंटा वाजवायचं, आणि लोकांनी घंटेकडे लक्ष देणं सोडलं होतं. घंटेकडे लक्ष न देणं फार वाईट.

म्हणून तनुजाने निरनिराळ्या कड्यांचे दहा आवाज तीसपट वेगाने पळवून माणसाच्या कानाला ऐकू येतील असे केले होते. पाच कडे धडधाकट होते, पाच पुढे महिन्याभरात कोसळले होते. धडधाकट असेल त्यापुढे हिरवी खूण करायची, आजारी असेल त्यापुढे लाल. तिने ते आवाज गवयांना, ध्वनीवाल्यांना, डॉक्टरांना, अशा तीनशे जणांना पाठवले. बहुतेकांना चार-पाच-सहाच ओळखता आले होते, दहाही कुणालाच नाही.

रविवारी सकाळी पोहे खाताना दिगंबरने ते ऐकले. ऐकता ऐकता मान डोलवली, खुणा केल्या आणि पाठवून दिल्या. अर्ध्या तासात तनुजाचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा पडलेला होता.

"दिगंबरदादा, कसं सांगू? शून्य."

"म्हणजे?"

"दहापैकी शून्य. सगळी उत्तरं चूक."

सुनेत्राला हसू आवरेना. "अहो, शाळेतही एवढे कमी नव्हते पडले तुम्हाला!"

दिगंबरचे कान लाल झाले. पण शालू पोहे खायची थांबली होती. "तनुजाताई, एकही बरोबर नाही? एकसुद्धा?"

"नाही गं."

"मग बाबाला दहाही ओळखता आलेत."

मुलांनो, शालूला काय सुचलं असेल? एक नाणं घ्या आणि दहा वेळा उडवा. दर वेळी आधी सांगा, छापा की काटा. चार-पाच वेळा तुमचं बरोबर येईलच. दहाच्या दहा वेळा चुकायचं म्हटलं, तर हा दहा नाण्यांचा खेळ साधारण हजार वेळा खेळावा लागेल, तेव्हा कुठे एकदा जमेल! काहीच कळत नसेल तो माणूस अर्धा चुकतो. पुरता चुकायला सगळं कळावं लागतं.

तनुजा पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "थांबा. तिसरा आवाज परत लावते. हा आजारी कडा आहे, दादा. आठ दिवसांत खाली आला. तुम्ही त्याला हिरवी खूण केलीत."

खोलीत गुणगुण पसरली, गोड, भरलेली.

"हा? हा आजारी?" दिगंबर उठून उभा राहिला. "अहो, हा तर काय मोकळा बोलतोय! असा तंबोरा मला जन्मात एकदा लागला होता. याला लाल करू? आणि ते बाकीचे पाच, ते ठप्प! मुके! ते लाकूड मी चुलीत घालीन."

"ठप्प असलेले कडे पन्नास वर्षं हललेले नाहीत," तनुजा सावकाश म्हणाली.

तंबोरेवाल्याशिवाय ही चूक दुसरा कोण करणार? पण चुकीच्या आत विज्ञान होतं. खडकाला आतून चीर गेली, की तिच्या दोन बाजू एकमेकींना पुरत्या चिकटलेल्या नसतात, पुरत्या सुटलेल्याही नसतात. हलताना एकमेकींना जेमतेम शिवतात. घोडीला शिवणारी तार आठवली? तोच प्रकार. तिथेही उपस्वर जागे होतात. तंबोऱ्यात जी जवारी हवीहवीशी, तीच डोंगरात नको.

त्यानंतर तनुजाने आणखी शंभर आवाज पाठवले. दिगंबरने आधी मनाला वाटेल तशी खूण केली आणि मग प्रत्येक उलटी केली. शंभरात शहाण्णव बरोबर. चौथ्या दिवशी नोकरीचं पत्र आलं. चौखालला राहायला या, घर देतो, सगळे या. पावसाच्या आधी यंत्राला शिकवायचंय, म्हणून पाडव्याच्या आत कळवा.

"इथूनच नाही का ऐकता येणार?" शालूने फोनवर विचारलं.

"खूप विचार केला गं त्याचा. पण ज्या दिवशी डोंगर बोलतो, नेमकं त्याच दिवशी आमचं नेट तुटतं. शिवाय नुसतं ऐकून भागत नाही. कड्यावर जायचं, चिरेवर हात ठेवायचा, परत ऐकायचं. तू सांग, तंबोरा न बघता जवारी लागते का?"

नाही लागत, हे शालूला ठाऊक होतं.

घरात मग रोज तोच विषय. सुनेत्रा एका पायावर तयार होती. "तिथल्या दवाखान्यात नर्स आठवड्यातून दोनदा येते म्हणे. मी गेले तर रोज असेन. आणि मला बर्फ बघायचाय. चाळिशी आली माझी, बर्फ फक्त उसाच्या रसात बघितला."

"तिथं भाकरी मिळत नाही," दिगंबर म्हणाला.

"भाकरी मी करते. तिथं मिळायचा प्रश्न कुठे आला?"

"थंडी असते."

"मिरजेत बसून ती कमी होणार आहे का? खरं काय ते बोला."

खरं काय ते दिगंबरने दुसऱ्या दिवशी कारखान्यात बोलून टाकलं. शालू आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

"चाचा, वीस वर्षं तुमच्याजवळ शिकलो. आता उठून जायचं म्हणजे..."

"म्हणजे काय? जायचं!" चाचांनी कानशीवरचा भुसा फुंकला. "लाकडाचं काम करायला पोरं आहेत. जवारीचं मी बघतो. माझा कान शाबूत आहे तोवर तुला काय काळजी? आम्ही तंबोरे लावले तर मैफल होते, तू डोंगर लावलास तर माणसं जगतील. मोठं काम कुठलं?"

"डोंगर लावायचा नाही, चाचा. ठप्प ठेवायचा."

"तेच ते! जा म्हणतो ना."

दिगंबरच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. ते शालूच्या खांद्यावर चढलं. चाचांचा कान कुठे शाबूत होता? तो तर दारात उभा होता, दोन वेण्या घालून. तीच गेली तर चाचा मुक्या तारांसमोर एकटे बसणार. बाबाला सांगावं, तर वचन मोडणार आणि बाबा जायचंच रद्द करणार. मग त्या चिरा ऐकणार कोण? नाही सांगावं, तर चाचांचं काय?

तुम्ही काय केलं असतं? दोन दिवस विचार करा हवं तर. शालूनेही दोन दिवस केला. त्या दोन दिवसांत तिने गणिताच्या वहीत तंबोऱ्याची चित्रं काढली आणि बाईंची बोलणी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी चित्र काढता काढता तिचा हात थांबला. घरी जाऊन आईचा फोन घेतला आणि गच्चीवर जाऊन तिने तनुजाला गाठलं.

"ताई, डोंगराचा आवाज फार खालचा असतो, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. हो ना?"

"हो."

"तुम्ही तो वर आणता. आपल्या कानापर्यंत."

"हो. पुढे?"

"मग एखाद्या माणसाला उंच सूर ऐकू येत नसतील, तर ते खाली नाही का आणता येणार? त्याच्या कानापर्यंत?"

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली.

"येतील की," तनुजा म्हणाली. "खरं तर तेच गणित, उलटं लावायचं. वेळ थोडा कमी मिळतो, चालत्या आवाजावर करायचं म्हणून. पण होईल. कुणासाठी गं?"

"एका माणसासाठी. नाव सांगायचं नाहीये."

"बरं. नाही विचारत. आठ दिवस दे. आणि शालू, रहिमतचाचांना माझा सलाम सांग."

आठव्या दिवशी कुरियरने एक पुडकं आलं. आत काडेपेटीएवढी डबी आणि कानात घालायच्या दोन गोळ्या. शालूने ते आतल्या खोलीत नेऊन चाचांच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं.

चाचांच्या भुवया एकत्र आल्या. "वचन मोडलंस?"

"नाही. नावच नाही सांगितलं."

"मग त्या पोरीला कसं कळलं?"

"तिने तुम्हाला सलाम सांगितलाय."

"घ्या! अख्ख्या हिमालयाला कळलं!" चाचांनी डबी दूर सारली. "कानात बोळे घालून जवारी लावू? लोक हसतील."

"चष्मा लावून तार ओवता, तेव्हा हसतात का?"

चाचांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग कुरकुरत गोळ्या कानात घातल्या. शालूने डबीचं बटण दाबलं. चाचांनी समोरचा तंबोरा ओढला आणि तार छेडली.

हात तसाच हवेत राहिला.

पुन्हा छेडली. पुन्हा. दोरा थोडा मागे, थोडा पुढे. एकदम ते इतक्या मोठ्याने हसले, की छताचे भोपळे हलले असावेत.

"तीन वर्षं! तीन वर्षं ही बया माझ्याशी बोलत नव्हती!" त्यांनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर थाप मारली. "आवाज तो नाही गं. वेगळाच आहे. जुना दोस्त मिशी काढून आल्यासारखा. पण चालीवरून ओळखू येतो!"

मिशीशिवायचा दोस्त अंगवळणी पडायला पंधरा दिवस लागले. सुरुवातीला चाचा दहातल्या चार वेळा चुकायचे, शालू हसायची आणि ते तिला खडूचा तुकडा फेकून मारायचे. मग दोन वेळा. मग एकदाही नाही. पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा चाचांनी शालूला खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि एकट्याने एक तंबोरा लावला. बाहेर येऊन तो दिगंबरच्या हातात दिला.

दिगंबरने छेडला. "वा!" तो म्हणाला. "कान म्हणजे कान आहे तुमचा, चाचा."

"होय ना?" चाचांनी कानातल्या गोळ्या काढून तळहातावर ठेवल्या. "हा बघ माझा कान. आणि याच्या आधी तीन वर्षं माझा कान तुझी पोरगी होती."

दिगंबर आधी चाचांकडे बघत राहिला, मग शालूकडे. शालू बुटाची नाडी बांधायला वाकली. पायात त्या दिवशी चपला होत्या.

"चाचा, हे मला आधी सांगितलं असतंत तर मी..."

"गेला नसतास. म्हणून तर नाही सांगितलं. आधी माझ्या अब्रूसाठी गप्प होतो, नंतर तुझ्यासाठी. आता दोन्ही कारणं संपली. त्या पोरीला कळव, निघालो म्हणून. आणि जाताना भडंग घेऊन जा. माझा कान बनवलाय तिने, रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

निघायच्या दिवशी चाचांनी शालूला एक लहानसा तंबोरा दिला. तारा चढवलेल्या, घोडी घासलेली, पण एकाही तारेखाली दोरा नव्हता. सोबत सुती दोऱ्याचं एक रीळ.

"जवारी नाही लावली?" शालू म्हणाली.

"इथली इथंच राहते. तिथली हवा कोरडी, लाकूड वेगळं बसणार. तिथं जा, महिनाभर त्याला हवा खाऊ दे, आणि मग लाव."

"कोण लावणार?"

"मला काय विचारतेस?" चाचा म्हणाले आणि भोपळे मोजायला आत निघून गेले.

चौखालमध्ये सुनेत्राला बर्फ बघायला मिळाला. चौथ्या दिवसापासून ती त्याला वैतागली आणि पाचव्या दिवशी तिने त्यात साखर घालून बघितली. दवाखान्यात ती रोज जाऊ लागली. दिगंबर हेडफोन लावून बसायचा, कड्यावर जायचा, परत बसायचा, आणि यंत्र त्याच्याकडून शिकायचं. एक सवय मात्र त्याची जाईना. खुणा उलट्या करायला तो शिकला, पण तोंड ऐकेना. गोड गुणगुणणारा कडा ऐकला, की आधी "वा!" निघूनच जायचं. शेवटी तनुजाने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, 'दादांनी वा म्हटलं की घंटा वाजवा.'

ज्येष्ठ महिन्यात एका दुपारी दिगंबर हेडफोन लावून बसला होता. तो एकदम डोळे मिटून म्हणाला, "वा! वा, वा!" तीन वेळा. तनुजा धावत सुटली. वरच्या वाडीतल्या चाळीस घरांतली माणसं, गाई, शेळ्या आणि एक चिडलेला कोंबडा संध्याकाळच्या आत खालच्या शाळेत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उन्हात, कडा खाली आला. एक रिकामा गोठा गेला, अक्रोडाची तीन झाडं गेली. शाळेच्या पटांगणात दोनदा मोजणी झाली आणि दोन्ही वेळा सगळी माणसं भरली. दुसऱ्यांदा मोजताना तर दोन जास्त भरली. शेजारच्या गावाहून आलेले पाहुणेही रांगेत उभे राहिले होते. लोक इतके हसले, की नंतर बराच वेळ रडत बसले. त्या दिवसापासून चौखालमध्ये घंटेकडे कुणी दुर्लक्ष केलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी शालूने कोपऱ्यातला तंबोरा काढला. महिना होऊन गेला होता. लाकूड हवा खाऊन बसलं होतं. तिने दोऱ्याचा वीतभर तुकडा तोडला आणि पहिल्या तारेखाली घातला.

थांबा म्हणायला ती होती. पण सरकवायलाही आता तीच होती. चाचांचा हात तिच्यापासून पार लांब मिरजेत होता. तिने बोटाला लागलेला घाम फ्रॉकला पुसला आणि दोरा केसभर सरकवला. मुका. आणखी केसभर. मुका. आणखी. खरखर. मागे, अगदी थोडा.

तार बोलली.

बोलली म्हणजे काय, सगळी खोली गुणगुणायला लागली. भिंतीपलीकडे ऑफिस होतं. तिथून बाबाचा आवाज आला, अगदी मनापासून आलेला, "वा!"

लगेच खुर्ची सरकली. धडधड पावलं वाजली. कुणीतरी ओरडलं, "दादा वा म्हणाले! कुठला कडा? कुठला?" आणि घंटेची साखळी खुळखुळली.

"ताई, थांबा!" शालू जिवाच्या आकांताने ओरडली. "डोंगर नाही! मी आहे!"

साखळी थांबली. मग भिंतीपलीकडे बारा माणसं एकदम हसली, आणि त्यांत बाबाचं हसणं सगळ्यांत उशिरा थांबलं.

शालूही हसली. मग तिने रिळातून दोऱ्याचा दुसरा तुकडा तोडला आणि पुढच्या तारेखाली घातला.